सात गृहपाठ आणि दहा बांगडे

“म्हणजे तू नक्की शिकवतेस कुणाला?” असं माझ्या सासूबाईंनी मला मुलुंडच्या घरात आल्यावर पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. वर्ग नाही, फळा नाही, तास संपल्याची घंटा नाही, आणि तरी ही बाई रोज सकाळी डबा घेऊन अंधेरीला ‘शिकवायला’ जाते, हे त्यांना पटत नव्हतं. मी म्हटलं, “ज्यांना वर्गात येणं जमत नाही, त्यांना.” त्या म्हणाल्या, “मग ते शिकतात कसे?”

खरं सांगायचं, तर याचं उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. नोकरीची दोनच वर्षं उरली होती, तेव्हा ते मला मरोळच्या एका सोसायटीच्या ऑफिसात मिळालं. तेही शिकवायला नव्हे, सात बायकांना कॉपीच्या प्रकरणात पकडायला गेले होते म्हणून.

आधी आमचा धंदा काय, ते सांगते. दूरशिक्षणात शिक्षक विद्यार्थ्याला दिसत नाही, म्हणून शिक्षकाचं काम पुस्तकाला करावं लागतं. विद्यार्थी कुठे अडेल, काय विचारेल, ते आधीच ओळखून आम्ही पुस्तकं लिहायचो. विद्यार्थी घरी अभ्यास करायचे, गृहपाठ लिहून पाठवायचे, आम्ही तपासायचो. पूर्वी हे सगळं टपालाने चालायचं. पुढे व्हिडिओ आले, मग सगळंच मोबाइलवर आलं. माझा विषय संख्याशास्त्र. ऑफिसातल्या एका जुन्या स्टोअररूमला गाद्या ठोकून स्टुडिओ केला होता. आवाज नको म्हणून पंखा बंद करून, घामाघूम होत, मी कॅमेऱ्याच्या काचेला सरासरी समजावून सांगायचे.

आमची गिऱ्हाइकंही न्यारी. बोरिवलीच्या एका हॉस्पिटलातले वॉर्डबॉय दुपारी बरोबर एक वाजून दहा मिनिटांनी फोन करायचे, कारण तेवढीच त्यांची जेवणाची सुट्टी. घास चावता चावता शंका विचारायचे आणि मध्येच “आलो सिस्टर!” म्हणून फोन ठेवून द्यायचे. मालाडचे एक निवृत्त गृहस्थ आमच्या पुस्तकांतल्या छपाईच्या चुका लाल शाईने लिहून पाठवत. तीन वर्षं फी भरली, परीक्षेला एकदाही बसले नाहीत. का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, “परीक्षा कशाला? मला वाचायचं होतं.”

शिकवण्याच्या जोडीला मी संशोधनही करायचे. आमच्या क्षेत्रातला सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे गळती. नाव घालतात आणि मध्येच सोडून जातात, ते का? ऑनलाइन आल्यावर या कामासाठी निखिल आमच्याकडे रुजू झाला. घाटकोपरचा, तिशीतला, संगणकात तयार. कुणी कुठला व्हिडिओ कधी उघडला, कुठे थांबवला, किती मागे नेला, सगळी नोंद त्याच्याकडे असायची. आम्ही दोघांनी मिळून एक यंत्रणा बसवली. सोडून जाण्याची शक्यता असलेल्यांची यादी ती काढायची आणि त्यांना आपोआप मेसेज जायचा: ‘आपली प्रगती समाधानकारक नाही.’ गृहपाठ एकमेकांशी जुळवून बघण्याची सोयही तीत होती. मजकूर जुळला, की प्रकरण गैरप्रकार समितीकडे. दोष सिद्ध झाला, तर ते वर्ष बाद. हा नियम मीच लिहिलेला. समितीची अध्यक्षही मीच.

एका सकाळी निखिल माझ्या टेबलाशी आला. “मॅडम, वाट लागलीये. हे बघा.”

त्याने सात गृहपाठ समोर ठेवले. सातही बायका. पत्ते मरोळचे, औद्योगिक वसाहतीच्या मागचे. सातही जणी औषधांची खोकी भरण्याच्या एकाच कारखान्यात कामाला. आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत याचं माप, हे समजावून सांगताना सातही जणींनी एकच उदाहरण दिलेलं: ताटातले बांगडे.

“आणि मॅडम, यातल्या सहा जणींनी तुमचा व्हिडिओ उघडलेलासुद्धा नाही. सातवी ती कुंदा. तिने उघडलाय, पण बावीस मिनिटांचा व्हिडिओ बघायला दीड तास लावलाय. सारखा थांबवते, मागे नेते. बहुतेक समोर ठेवून झोपते. तिने कसंतरी लिहिलं, बाकीच्यांनी छापलं. केस क्लिअर आहे ना!”

दिसत तरी तसंच होतं. समितीतले दुसरे सभासद केळकर सर. सचोटीचे, कडक गृहस्थ. त्यांनी तर पत्रांचे मसुदेही तयार केले. माझी सही तेवढी राहिली होती.

सही करण्याआधी मी ते गृहपाठ घरी नेले आणि नीट वाचले. बांगडे सगळीकडे होते, पण आकडे वेगवेगळे होते. एकीकडे पाच ताटं, दुसरीकडे आठ. एकीने वर्गमूळ चुकवून, खोडून, पुन्हा बरोबर काढलं होतं. कॉपी करणारा माणूस अशी खाडाखोड करत नाही. आणि दुसरी गोष्ट म्हणजे हे उदाहरण माझ्या पुस्तकात नव्हतं, व्हिडिओत नव्हतं, मी पाहिलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. शिवाय ते माझ्या उदाहरणापेक्षा चांगलं होतं, हे मला जरा झोंबलंच.

मी कुंदाला फोन केला आणि सातही गृहपाठांतल्या बांगड्यांची चौकशी करायची आहे, असं सांगितलं. अध्यक्षबाईंचा फोन म्हटल्यावर ती इतकी घाबरली, की नुसतं “हो बाई, हो बाई” करत राहिली. “अभ्यास कुठे करता?” “सोसायटीच्या ऑफिसात, रविवारी दुपारी.” मी येते म्हटलं. मग बारीक आवाजात, “चार वाजता या.”

केळकर सर नाराज झाले. “अध्यक्षांनी स्वतः तिकडे जायचं? हे नियमात बसत नाही.” मी म्हटलं, “अध्यक्ष म्हणून नाही, संशोधक म्हणून जाते.” ते म्हणाले, “शब्दांचा खेळ आहे हा.” होताच.

रविवारी रस्ते मोकळे असल्यामुळे मी पाऊण तास आधीच पोचले. सोसायटीचं ऑफिस तळमजल्यावर होतं. दार उघडं, बाहेर चपलांचा ढीग. मीही चपला काढल्या आणि आत पाऊल टाकणार, तोच मला माझाच आवाज ऐकू आला.

भिंतीवरच्या टीव्हीला मोबाइल जोडला होता आणि पडद्यावर मी होते. समोर सतरंजीवर सहा जणी, माझ्याकडे पाठ करून; सातवी कामावर होती, हे नंतर कळलं. टीव्हीशेजारी पन्नाशीची एक सावळी, काटक बाई उभी होती. सुती साडी, पदर खोचलेला, हातात खडू. मागे नोटिसांचा काळा फळा होता. ‘उद्या पाणी उशिरा येईल’ एवढी ओळ ठेवून बाकीचा तिने पुसून घेतला होता.

पडद्यावरची मी म्हणाले, “आता या फरकांचे आपण वर्ग करू.”

“थांबय गो तेंका,” ती बाई म्हणाली. कुंदाने मला थांबवलं. तोंड अर्धवट उघडं ठेवून मी पडद्यावर गप्प उभी राहिले.

“हय बाईंनी घाय केल्यानी,” ती म्हणाली. “वर्ग कित्याक करूचे, ता सांगूकच नाय. परीक्षा जवळ इली, आपण परत बघूया. पाच ताटा. मिळान धा बांगडे. सरासरी किती?”

“दोन!”

“बरा. आता एकाच्या ताटात सा, दुसऱ्याच्या ताटात चार, आणि बाकीच्या तिगांच्या ताटात नुसता सार. आता सरासरी किती?”

बोटं मोजली गेली. मग कुणीतरी म्हणालं, “दोनच की गो!”

“मगे सगळ्यांचा पोट भरला?”

सगळ्या हसल्या. ती हसली नाही. “सरासरी खोटा बोलणा नाय. पण उपाशी कोण रवलो, ता ती सांगणा नाय. ता आपल्याक शोधूचा लागता.” मग प्रत्येक ताटाचा दोनाशी असलेला फरक तिने फळ्यावर मांडला. “चार जास्त, दोन जास्त, दोन कमी, दोन कमी, दोन कमी. करा बेरीज.”

“शून्य.”

“शून्य! म्हणजे जास्त खाल्लेले आणि उपाशी रवलेले एकत्र केलास, तर काय झालाच नाय असा दिसता. असा होव नये म्हणून आधी वर्ग करूचो. वर्ग केल्यार उणे रवणा नाय. मगे एकाची भूक दुसऱ्याच्या ढेकरात लपणा नाय. समाजला?”

“समाजला!”

“चालू कर बाईंका.”

मी दारात उभीच होते. इतकी वर्षं मी प्रमाण विचलन शिकवत होते. ‘ऋण चिन्ह घालवण्यासाठी वर्ग करतात’ हे वाक्य मी शेकडो वेळा उच्चारलं असेल. ते चिन्ह गेलं नाही, तर कुणाचं काय लपतं, असा विचार मी एकदाही केला नव्हता. 

तेवढ्यात एकीने मागे वळून पाहिलं. एकदा माझ्याकडे, एकदा टीव्हीकडे. “अगो बाय माझे!” म्हणून ती उठूनच उभी राहिली. एकदम धांदल उडाली. ती फळ्याजवळची बाई मात्र शांतपणे खडूचे हात पुसत पुढे आली.

“मी सुलभा परब. यांच्याच कारखान्यात आहे. बाई, पोरींचं नाव खराब करू नका. बांगडे माझे आहेत. शिक्षा द्यायची, तर मला द्या.”

“पण तुमचं नाव आमच्या विद्यार्थ्यांच्या यादीत नाही,” मी म्हटलं.

“आता नाही. आधी होतं.”

चहा आला. सुलभाताईंनी मालवणी बाजूला ठेवून सगळं सावकाश सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वी, टपालाच्या काळात, त्यांनी आमच्याकडे बी.ए.ला नाव घातलं होतं. सगळे विषय सुटले. राहिलं फक्त संख्याशास्त्र. पुस्तकातलं प्रमाण विचलनाचं प्रकरण काही केल्या कळेना, म्हणून त्यांनी आम्हाला पत्र लिहिलं. एकदा नाही, तीनदा.

“उत्तर आलं?” मी विचारलं.

“तिन्ही वेळा आलं. छापील. ‘कृपया पाठ्यपुस्तकाचे संबंधित पान पाहावे.’” त्या किंचित हसल्या. “बाई, पान बघूनच तर पत्र घातलं होतं.”

त्या छापील कार्डांवर सहीचा शिक्का असायचा. तो माझ्या सहीचा. शंकांची पत्रं पोत्याने यायची आणि उत्तरं द्यायला आम्ही तिघं होतो, हे खरं. पण ते मला तिथे सांगवलं नाही. 

“मग तुम्ही सोडून दिलंत?”

“परीक्षा सोडली. प्रकरण नाही सोडलं. चार महिने ते एकच प्रकरण घेऊन बसले होते. एक दिवस ताटं वाढताना ते लागलं. धावत जाऊन पुस्तक काढलं आणि सगळी गणितं सोडवली. सगळी बरोबर! पण तोपर्यंत फॉर्मची मुदत गेली. मग यांचं आजारपण, मुलीचं शिक्षण. राहिलं ते राहिलंच. आता या पोरींनी नाव घातलं आणि त्याच प्रकरणाशी येऊन अडल्या. म्हटलं, मी तिथे चार महिने काढलेत, यांचे कशाला घालवू?”

परत येताना रिक्षात मी एकच गोष्ट घोळवत होते. निखिलच्या संगणकाला जिथे एक बाई व्हिडिओसमोर झोपताना दिसली होती, तिथे सहा जणी डोळे टक्क उघडे ठेवून बसल्या होत्या. आणि त्यांना शिकवणारी बाई आमच्या संगणकात कुठेच नव्हती.

समितीत केळकर सर ठाम राहिले. “बाई, तुम्ही भारावून गेला आहात. मजकूर जुळतो की नाही?”

“जुळतो. एकाच शिक्षकाकडे शिकलेल्यांचा जुळतोच. वर्गातल्या मुलांनी सरांचं उदाहरण लिहिलं, तर त्याला आपण कॉपी म्हणतो का?”

“त्यांना खरंच येतं, हे सिद्ध करा मग.”

ते रास्त होतं. सातही जणींना अंधेरीच्या ऑफिसात तोंडी परीक्षेला बोलावलं. एका दिवसाचा खाडा करून त्या आल्या, ठेवणीतल्या साड्या नेसून. प्रश्न केळकर सर विचारणार, मी फक्त बसणार, असं ठरलं. पहिल्या पाच जणींनी धडाधड उत्तरं दिली. सहावी कुंदा. तिला सरांनी कंपन्यांच्या उत्पादनाचे चार आकडे दिले.  पेन कागदावर टेकवून ती नुसती बसून राहिली. दोन मिनिटं, तीन मिनिटं. एका वर्षाचं भवितव्य तिच्या हातात होतं आणि ते माझ्यासमोर निसटत होतं. मला बोलता येत नव्हतं.

शेवटी तीच म्हणाली, “सर, बांगड्यांत विचाराल का?”

“मी शाकाहारी आहे,” सर म्हणाले.

“मग लाडवांत विचारा.”

सरांनी समोरचा आकड्यांचा कागद उलटा ठेवला. मग त्यांनी आकडे दिले. “चार माणसं. एकाला एकही नाही, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला चार, चौथ्याला सहा.”

कुंदाचं पेन चालायला लागलं. सरासरी तीन. फरक, वर्ग, बेरीज वीस, भागिले चार, पाच. “पाचाचं वर्गमूळ. सव्वादोनच्या जरा आतबाहेर.”

“आणि फरकांचा वर्ग का केलात?” सरांनी विचारलं.

“नाहीतर ज्याला लाडू मिळाला नाही, त्याची भूक हिशेबात येत नाही, सर.”

केळकर सरांनी पेनाचं टोपण लावलं. कधी नव्हे ते त्यांनी कुणाला तरी स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला पुढे केला.

सातवी पूजा, सगळ्यांत लहान. तिला काहीच येईना. थोड्या वेळाने तीच रडत म्हणाली, “मी खरंच कुंदाताईंचं बघून लिहिलं. आकडे बदलले फक्त. माझी कारखान्यात दुसरी पाळी होती, रविवारी येणं जमलं नाही.” तिचा गृहपाठ आम्ही रद्द केला आणि पुन्हा लिहायला लावला. नियम बाजूला ठेवून वर्ष मात्र बाद केलं नाही. बाकी सहा जणी निर्दोष. पूजाला आमच्यापेक्षा सुलभाताईच जास्त बोलल्या, असं मला नंतर कळलं. पुढचा महिनाभर तिला सतरंजीवर पहिल्या रांगेत बसावं लागलं.

सुलभाताईंसाठी काहीतरी करावं, म्हणून मी बरीच खटपट केली. जुने सुटलेले विषय धरून त्यांना एकच पेपर द्यायची परवानगी मागितली. मुदत उलटून गेली, म्हणून नामंजूर. मार्गदर्शक म्हणून नेमावं म्हटलं, तर त्याला एम.ए. लागतं. निदान तुमचा एक व्हिडिओ करू, म्हणून मी त्यांना स्टुडिओत घेऊन आले. कॅमेऱ्यासमोर त्या दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि खाली उतरल्या. “बाई, समोर कोणाचं तोंडच दिसत नाही. अडलंय कुणाचं, हे कळणार कसं? तुम्ही इतकी वर्षं हे केलंत? कमाल आहे तुमची.” माझ्या कामाचं असं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. आणि ते मला घेता येत नव्हतं.

एक गोष्ट त्यांना सांगणं भाग होतं. गळतीवरच्या माझ्या जुन्या अभ्यासाच्या वह्या मी काढून पाहिल्या होत्या. सोडून गेलेल्या प्रत्येकासमोर आम्ही कारण लिहीत असू. ज्यांच्याकडून कारण कळलं नाही, त्यांच्यापुढे आपल्या अंदाजाने. परब, सुलभा, यांच्यापुढे माझ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘अभ्यासात रस नाही.’ या वह्यांवरच मी लेख लिहिला होता, त्याबद्दल टाळ्या घेतल्या होत्या. मी ती वही मरोळला नेऊन त्यांच्यापुढे ठेवली आणि माफी मागितली.

त्यांनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. वाईट वाटलेलं चेहऱ्यावर दिसलं, त्यांनी ते लपवलं नाही. “तीन पत्रं घातली होती ओ मी,” एवढंच म्हणाल्या. मग वही मिटून माझ्या हातात दिली आणि विचारलं, “पहिल्यापासून नाव घालायचं, तर फॉर्म कधी निघतात?”

मी निवृत्त झाले, त्या वर्षी सुलभाताईंनी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला पुन्हा नाव घातलं. कुंदा आणि इतर पाच जणी पास होऊन पुढच्या वर्षात गेल्या होत्या. पूजाचा एक विषय राहिला होता. निखिलने माझ्यामागे यंत्रणेत एक बदल केला. यादीत नाव आलं, की आता मेसेज जात नाही. कुणीतरी माणूस फोन करतो आणि आधी विचारतो, “काय अडलंय?” पुष्कळदा तो स्वतःच करतो.

परवा रविवारी दुपारी त्याचा मला फोन आला. हसू आवरत नव्हतं त्याला.

“मॅडम, या वेळच्या यादीत सगळ्यात वर कुणाचं नाव असेल?”

“कुणाचं?”

“परब, सुलभा! सारखा व्हिडिओ थांबवतात ना! नियम म्हणजे नियम, म्हणून मी फोन केला. विचारलं, ताई, काय अडलंय? तर म्हणाल्या, ‘माजा काय अडूक नाय. चौदा जणी बसल्यात समोर, मगे फोन कर.’ आणि ठेवला फोन!”

“बरोबर केलं त्यांनी,” मी म्हटलं. “तास चालू असताना शिक्षकाला फोन करायचा नसतो, निखिल.”